उपड्या तांब्याचा अर्थ

उंब्रजच्या आठवडी बाजारात हल्ली मला ‘तांब्यावाले फौजी’ म्हणतात. भाजीवाली म्हणते, तरणी पोरं म्हणतात, एकदा तर एसटीच्या कंडक्टरनेही तिकीट देता देता म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. उमेदीची वर्षं फौजेत घालवून गावी परतलेला माणूस लोकांच्या लेखी एक रामराम घालण्यापुरता उरतो. माझ्या लेकीने केलेल्या गेममुळे मला पुन्हा नाव मिळालं होतं, आणि मी ते मिशीला पीळ देत मिरवत होतो.

पण त्या नावावर माझा हक्क नाही. सत्काराचे माझे फोटो जितक्या फोनांत जाऊन बसले, तितकी खरी गोष्ट पसरली नाही. म्हणून ती एकदा नीट लिहून काढतो.

माझी लेक सांगलीला इंजिनिअर झाली. पुण्यात काही वर्षं नोकरी केली, ती सोडली आणि परत सांगलीला येऊन दोन मैत्रिणींबरोबर विश्रामबागेत एक खोली घेतली. तिथे त्या तिघी गेम बनवायच्या. गावात कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर मी सांगायचो, कॉम्प्युटरवर कोडी घालते. लोक ‘आसं व्हय’ म्हणून विषय बदलायचे. एकदा ती सुट्टीला घरी आली आणि माझ्यासमोर फोन ठेवून म्हणाली, ‘आप्पा, नव्या गेमसाठी तुम्हाला काही विचारायचं आहे.’

‘गेम म्हणजे बंदुका असणार,’ मी म्हणालो. ‘विचार. बंदूक कशी धरतात तेसुद्धा ह्या गेमवाल्यांना ठाऊक नसतं.’

‘यात बंदूक नाही. नवराबायको आहेत.’

‘भांडतात?’

‘बोलतच नाहीत.’

‘मग खेळायचं काय?’

‘तेच. ते एकमेकांना कसं सांगतील, ते शोधायचं. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत.’

मला हसू आलं. पण तिने मला विचारलं होतं ते आमच्याच घरातलं होतं. लहानपणी तिने आजीकडून कधीतरी ऐकलं होतं की, तिच्या आईबापात एकेकाळी खुणांची भाषा होती.

होतीच. माझं लग्न झालं तेव्हा घरात माझे आईवडील, चुलते, चुलती, सगळेच होते. थोरल्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, हा रिवाज. मला वर्षातून एकदा सुट्टी. ती मिळवून घरी यायचो आणि बायकोशी दोन शब्द बोलायला जागा नसायची. ‘आवं’ म्हणायलाही तिला घरात कुणी नाही याची खात्री करावी लागायची. त्यातून ही भाषा आली. परसात दगडी कट्टा होता, त्याच्या बाजूला पाटा, सूप, घागरी. सूप भिंतीला टेकवून उभं केलेलं असलं की सासूबाई जवळच आहेत, सांभाळून. वरवंटा पाट्यावरून खाली उतरवलेला असला की तुमच्याशी बोलायचं आहे. चुलीपुढच्या फुंकणीचं तोंड दाराकडे असलं की तुम्ही शेतात चला, मी भाकरी घेऊन येते. अशा बऱ्याच. घरातल्या कुणाला कधी संशय आला नाही, कारण जागच्या जागी दोन वस्तू इकडच्या तिकडे झाल्या तर कोण विचारतं?

मी हे सगळं रंगवून सांगितलं. लेक ऐकत होती, तिची आई उंबऱ्याशी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. मग लेकीने विचारलं, ‘आप्पा, हे डोकं कुणाचं?’

फौजेत माझं काम बिनतारी निरोप पाठवण्याघेण्याचं. मी म्हणालो, ‘मी सिग्नलला होतो ना.’

एवढंच म्हणालो. मी काढलं, असं मी म्हणालो नाही. पण लेकीला जे समजायचं ते समजलं आणि मी ते तसंच राहू दिलं. उंबऱ्यातला शेंगा सोलण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

वर्षभराने गेमचा पहिला भाग लोकांसमोर आला. त्याचं नाव ‘घरात माणसं आहेत’. लेकीने टॅबवर दाखवला तेव्हा मी बघतच राहिलो. आमचंच घर, वरून छप्पर काढून पाहावं तसं. ओसरी, माजघर, परस. सासू जात्यावर, सासरा खाटेवर. सून परसात. बोटाने सूप उचलून भिंतीला टेकवायचं, वरवंटा खाली उतरवायचा, फुंकणी फिरवायची. सासूचं लक्ष जाईल असं काही केलं की ती उठून सगळं जागच्या जागी ठेवते आणि डाव पुन्हा पहिल्यापासून. बरोबर मांडलं की नवरा ओसरीवरून उठतो. पहिल्याच कोड्यात नवरा सुनेला एकेक खूण शिकवतो. त्या नवऱ्याला मिशी होती. माझ्यासारखीच.

पुढचा भाग मला जास्त भावला. काळ पुढे जातो, थोरली माणसं एकेक करून जातात, पोरं शिकायला बाहेर पडतात. घरात दोघंच उरतात. आता कुठलीही वस्तू कुठेही ठेवा, कुणी उठत नाही, कुणी बघत नाही. आणि तिथेच खेळ अवघड होतो. लपवायचं काही राहिलेलं नाही आणि बोलायची सवयही राहिलेली नाही. ते पाहताना मी लेकीला विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’

‘हे सांगायला कशाला हवं, आप्पा? मी याच घरात वाढले.’

तो पुढचा भाग अजून पुरा व्हायचा होता. पण पहिल्या भागानेच नाव केलं. कुठल्या कुठल्या गावांतून लोक लेकीला लिहायचे, आमच्या आजीकडे अशा खुणा होत्या, आमच्या मावशीकडे तशा होत्या. गावाने मांडव घालून सत्कार केला. लेकीचा केला आणि माझाही केला. बोलणाऱ्याने ‘सिग्नलमधला मेंदू’ असा शब्द वापरला. माझ्याबरोबर भरती झालेला आणि आता चहाच्या टपरीवर रोज भेटणारा एक दोस्त समोरून ओरडला, ‘गड्या, सायबांनी तुला शीमेवर ठिवला, खरं तुझं डोस्कं परसात चालत हुतं!’ सगळा मांडव हसला. मी शाल सावरली. बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती. ती सत्काराच्या नारळाची शेंडी काढत होती, तिने मानही वर केली नाही.

त्या वेळी मला टोचलं. पण ते टोचणं शालीखाली झाकून गेलं.

आता खरी गोष्ट.

पुढचा भाग संपत आल्यावर लेक घरी आली. म्हणाली, ‘आईने अजून एकदाही खेळून बघितलं नाही. सगळ्या जगाने बघितलं.’

‘मला कामं हायत,’ बायको म्हणाली.

‘दुपारची काय कामं? बस इथं.’

बायको बसली. चष्मा लावला, पदराने बोट पुसलं आणि टॅबवर टेकवलं. मी शेजारी चहा घेऊन बसलो होतो. तिला दोन गोष्टी समजावून सांगाव्यात असा माझा विचार होता, पण त्याची वेळच आली नाही. ती सरसर सोडवत गेली. लेक म्हणाली, ह्या कोड्यावर लोक अर्धा अर्धा दिवस अडकतात. बायकोने तोवर सूप उभं केलं होतं, फुंकणी फिरवली होती आणि सासूची पाठ फिरायची वाट बघत होती. मध्येच म्हणाली, ‘ही सासू लय डुलक्या घेती. तुमची आई अशी न्हवती.’

मग तांब्याचं कोडं आलं. सगळ्यांत गाजलेलं ते हेच, माझं नाव पडलं ते ह्याच्यावरून. ही खूण मी लेकीला मागून फोनवर सांगितली होती. घरी पाहुणे आलेत, आज जमणार नाही, हे सुनेने नवऱ्याला कळवायचं. कट्ट्यावरचा तांब्या उपडा ठेवायचा. नवरा तो बघतो आणि मुकाट्याने पारावर पत्ते खेळायला निघून जातो.

बायको अडकली. तिने सूप हलवून पाहिलं, घागर हलवली, वरवंटा हलवला. तांब्याला हातच लावेना.

लेक शेवटी म्हणाली, ‘आई, तांब्या.’

‘तांब्याचं काय?’

‘उपडा कर.’

‘आन् ते कशाला? नवऱ्याला येऊ नगं म्हनून सांगायचं हाय न्हवं? तांब्या उपडा केला तर त्यो येईल की.’

‘येईल? कुठं येईल?’

‘हिरीवर,’ बायको म्हणाली. हे काय विचारणं झालं, अशा आवाजात.

मी बशी खाली ठेवली.

लेक माझ्याकडे बघत होती. मी बायकोला विचारलं, ‘तांब्या उपडा म्हणजे आवरलं, आता नको, असं ना?’

तिने चष्मा काढला. ‘आवं, आवरलं कसं? आमच्या वडूजकडं तांब्या कवा उपडा करत्यात? पानी संपलं की. भरला तांब्या कोन उपडा करतंय? तांब्या उपडा दिसला की समजायचं, बाई पान्याला गेली. मी हिरीवर चालले, तुमी या.’

इथे थोडं सांगायला हवं. बायकोचं माहेर वडूजच्या पलीकडे, कोरडवाहू मुलूख. तिकडे तिच्या लहानपणी तांब्यात पाणी असणं किंवा नसणं हीच घरातली मोठी बातमी. आमचं घर कृष्णाकाठचं, उसाचं. हौदात कायम पाणी. आमच्याकडे रात्रीची भांडी घासली की उपडी घालायची, उपडं भांडं म्हणजे काम संपलं, दिवस संपला. फक्त प्यायचं पाणी मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं, आणि शेतात भाकरी न्यायची सोडली तर सुनेला एकटीने घराबाहेर पडायला तेवढं एकच कारण होतं. ते कारण साधून ती मला बोलवत होती. मी तांब्या बघायचो, माझ्या घरच्या रीतीने वाचायचो आणि पारावर जायचो. मनात यायचं, एवढ्या लांबून आलो आणि हिला वेळ नाही.

‘मग मी यायचो नाही तेव्हा?’ मी विचारलं.

‘तवा काय. घागर भरायची. बाई नुस्ती उभी हाय म्हनून कुनी बघाया नको, म्हनून वतून द्यायची. परत भरायची.’

तिने हे सांगताना तक्रार केली नाही. टॅबवरच्या सुनेला बोटाने परसात उगाच इकडून तिकडे चालवत होती.

‘दर सुट्टीला?’

‘दोन-चार सुट्ट्या. मग म्हनलं, ह्यास्नी यायचं न्हाई. मग तांब्या उपडा ठिवायचा बंद केला.’

आणि मी, तांब्या उपडा दिसायचा बंद झाला तेव्हा, आता हिला ते सांगायचीही गरज वाटत नाही, असं धरून बसलो होतो. मागची सगळी वर्षं आम्ही दोघं कमी बोललो, त्याचं मूळ एका पितळी तांब्यात होतं.

लेक पुढे सरकून बसली. ती कोडी घालणारी मुलगी. तिच्या डोक्यात एक गाठ अडकली होती आणि ती तिने सरळ मांडली. ‘आप्पा, ही भाषा तुम्ही काढली होती ना? मग तुमच्याच खुणेचा अर्थ तुम्हाला चुकीचा कसा ठाऊक?’

त्याला उत्तर एकच होतं. मी म्हणालो, ‘मी नाही काढली. सगळ्या हिच्या. पहिल्या सुट्टीत हिने वरवंटा खाली ठेवला तेव्हा मला काय ते कळलंही नव्हतं. हिने तीनदा ठेवला, मग डोक्यात प्रकाश पडला. मी नुसता शिकलो. आणि शिकलो तेही अर्धवट.’

‘आई, तू का नाही बोललीस?’

‘ह्यास्नी लय खुशी झालीती,’ बायको म्हणाली. ‘शाल काय, फोटू काय. म्हनलं ऱ्हाऊ दे.’

लेक म्हणाली, ‘हे बदलावं लागेल. नवरा शिकवतो ते पहिलं कोडं आणि तांब्याचं. दोन्ही.’

गेम पुरा होऊन बाहेर पडायला थोडेच दिवस उरले होते. आणि लिहितो आहे तर हेही लिहितो. माझ्या तोंडून निघालं, ‘बदलायलाच पाहिजे का? खेळणाऱ्यांना काय फरक पडतो?’ माझ्या डोळ्यांसमोर तो मांडव होता, ती टपरी होती. बायको उठून चहाची भांडी गोळा करायला लागली.

‘आप्पा, कोडं चुकीचं आहे,’ लेक म्हणाली. ‘जिने घातलं तिलाच ते सुटत नाही. मी ते तसंच कसं देऊ?’

मला बापाचा अभिमान काय असतो ते त्या वेळी कळलं. सत्काराच्या दिवशी जे वाटलं होतं ते दुसरंच काहीतरी होतं. मी म्हणालो, ‘बदल. आणि सांगलीला कार्यक्रम करशील तेव्हा मला बोलव. सगळ्यांसमोर मी सांगतो.’

तिने आणि मैत्रिणींनी कोडं नव्याने बांधलं. तारीख पुढे गेली, त्या तिघींनी वाट बघणाऱ्यांची बोलणी खाल्ली. आता त्यात आधी तुम्ही सून असता. तांब्या उपडा करता, घागर घेऊन विहिरीवर जाता, थांबता. घागर भरता, ओतता. कुणी येत नाही. मग तोच दिवस तुम्ही नवरा होऊन खेळता. कट्ट्यावर तांब्या दिसतो, तुम्हाला आता त्याचा अर्थ ठाऊक असतो, पण तुमच्या हातात काही नसतं. तो पारावर जातो. ते कोडं तिथे सुटत नाही. ते शेवटी सुटतं, म्हातारपणी, घरात दोघंच असताना. तांब्या पुन्हा उपडा करायचा आणि कुठलीही वस्तू न हलवता नुसतं विचारायचं, ‘ह्याचा अर्थ काय गं?’ सगळ्या गेममध्ये बोलून सुटणारं कोडं एवढं एकच आहे.

सांगलीला एका कॉलेजच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पोरापोरींनी हॉल भरला होता. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने माझी ओळख ‘या भाषेचे जनक’ अशी करून दिली. त्याच्याकडे जुनी माहिती होती. मी माईक घेतला. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, ‘मी सिग्नलचा माणूस. सिग्नलमध्ये पाठवणारा वेगळा आणि घेणारा वेगळा. ही भाषा काढली आणि पाठवली माझ्या बायकोने. ती समोर बसली आहे. मी घेणारा होतो, आणि घेताना चुकलो. गावात माझा सत्कार झाला तो तिचा होता.’ गावचे चार जण आले होते, टपरीवरचा तो दोस्तही होता. ते सगळे ऐकत होते.

माईक बायकोकडे गेला. एका मुलीने विचारलं, ‘काकू, ते विहिरीवर येत नव्हते, तर तुम्ही कधी विचारलं का नाही?’

बायको म्हणाली, ‘घरात मानसं हुती.’

गेमचंच नाव तिच्या तोंडून आलं म्हणून हॉल हसला.

कार्यक्रम संपल्यावर पोरींनी तिला घेरलं. ती खुर्चीत बसून पाण्याची बाटली, पर्स, चष्म्याची डबी इकडेतिकडे ठेवत एकेक खूण करून दाखवत होती आणि पोरी ‘म्हणजे काय, काकू?’ विचारत होत्या. मी मागे उभा राहून बघत होतो. त्यातल्या दोन खुणा मलाही ठाऊक नव्हत्या. म्हणजे त्याही मी चुकवल्या होत्या. लाज वाटायला हवी होती, पण माझी छाती फुगली होती. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या त्या पोरीने, नव्या घरात, सासूच्या नजरेखाली, सुपाफुंकणीतून एक भाषा उभी केली होती. ती आज शिकलेल्या मुली तिच्याकडून समजून घेत होत्या.

परतीच्या एसटीत कऱ्हाड येईपर्यंत आम्ही बोलत होतो. मागच्या सीटवरच्या बाईने शेवटी म्हटलं, ‘आवं मामा, जरा दमानं, ल्येकरू झोपलंय.’

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी परसात गेलो तर कट्ट्यावर तांब्या उपडा. तोच पितळी. घरात नळाचं पाणी आहे, मळ्यातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून बरीच वर्षं झाली. पण मी काही बोललो नाही. चपला घातल्या आणि विहिरीकडे गेलो. काठावर बसलो. उसाला पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. ऊन चढलं. कुणी आलं नाही. आणखी बसलो. शेवटी गुडघे धरले तेव्हा उठून घरी आलो.

बायको भाकरी थापत होती. ‘कुटं हुता? चा निवला.’

‘विहिरीवर. तांब्या उपडा होता.’

तिने परसाकडे बघितलं आणि कपाळाला पिठाचा हात लावला. ‘आवं, घासून वाळत घातलाय त्यो! येवढी वर्सं ह्या घरात ऱ्हायले, तुमच्यावानीच भांडी उपडी घालती आता.’

मी पाटावर बसलो. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि पाठमोरीच विचारलं, ‘लय येळ थांबलावता?’

‘बराच.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली आणि भाकरी उलटली.